सोलापुरात सनरूम बांधताय? आधी सावलीचा हिशेब, मग लोखंड-काचेचा थाट

काळ्या चौकटीतल्या उंच काचा, प्लास्टर न केलेली विटांची भिंत, लांब वायरीवर लोंबणारे दिवे आणि खाली सिमेंटची गुळगुळीत फरशी. असे फोटो हल्ली सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतात. गच्चीवर किंवा घराच्या बाजूला एक इंडस्ट्रियल थाटाची सनरूम काढावी, हा विचार बहुतेकांच्या डोक्यात त्यातूनच शिरतो. विचार चांगला आहे. पण ही मूळची थंड देशांतली खोली. तिकडे वर्षाचे कितीतरी महिने ऊन पकडून घरात कोंडावं लागतं, म्हणून तिला भिंतीही काचेच्या आणि छप्परही काचेचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जाऊन बसतो आणि ऐन डिसेंबरातही दुपारी तिशीच्या आसपास असतो. तो फोटो जसाच्या तसा सोलापुरात उतरवला, तर होळीनंतर खोलीला कुलूप आणि दिवाळीनंतर झाडू, असा तिचा कार्यक्रम होईल.

त्यामुळे उजेड आत घ्यायचा आणि ऊन बाहेर थांबवायचं, हे आधी पक्कं करा. दिशा, छप्पर, काच, पडदे हे सगळं याच्यावरून ठरतं. लोखंडाचा रंग आणि दिव्यांची फॅशन नंतर बघता येते.

गिरणीने हे आधीच सोडवलं होतं

या शैलीचा उगम कारखान्यात आहे. विजेचे दिवे नव्हते तेव्हा कामगाराला दिवसाचा उजेड लागायचा. भिंती जाड ठेवून छोट्या खिडक्या काढण्याऐवजी लोखंडी सांगाडा उभारून मधे काचा भरणं सोपं पडलं. इंग्लंडमध्ये क्रिटॉल कंपनी 1884 पासून लोखंडी खिडक्या बनवते आहे. आज मासिकांत दिसणाऱ्या बारीक काळ्या चौकटी त्याच घराण्यातल्या.

सोलापूरला हे परकं नाही. इथली पहिली कापडगिरणी, आपली ‘जुनी गिरणी’, 1877 साली सुरू झाली आणि पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंगगिरजी, जाम अशी नावं शहराच्या तोंडी बसली. कापडगिरण्यांच्या विणकाम-शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असायचं. दाताची तिरकी बाजू पत्र्याची किंवा कौलांची, उभी बाजू काचेची, आणि काचेचं तोंड उत्तरेला. विणकराला तुटलेला धागा दिसायला हवा, पण मागावर थेट ऊन पडायला नको. उन्हाने डोळे दिपतात, शेड तापते, आणि सूत कोरडं पडलं की जास्त तुटतं. उजेड हवा, ऊन नको. आपल्याला घरात नेमकं तेच साधायचं आहे, म्हणून परदेशी सनरूमपेक्षा गिरणीची शेड नजरेसमोर ठेवलेली बरी.

जागा आणि परवानगी

बहुतेकांकडे दोन पर्याय असतात: गच्ची, नाहीतर बंगल्याभोवतीची मोकळी पट्टी. ही पट्टी म्हणजे सामासिक अंतर. ते नियमाने मोकळं ठेवायचं असतं, तिथे काचेची का होईना, बंदिस्त खोली करता येत नाही. गच्चीवर बंदिस्त खोली केली तर ती चटईक्षेत्रात, म्हणजे घराला मंजूर असलेल्या एकूण बांधकामाच्या हिशेबात, धरली जाते. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक शहरांना 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. महापालिकेच्या यादीवरच्या आर्किटेक्टला किंवा इंजिनिअरला घराचा मंजूर नकाशा दाखवा आणि किती क्षेत्र शिल्लक आहे ते विचारा. ‘शेडच तर आहे, तिला कोण विचारतंय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. नोटीस आली की ते फोन उचलत नाहीत. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गच्ची सोसायटीची असते, तेव्हा आधी तिथला ठराव.

दिशा: इथे घाई करू नका

सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. या एका आकड्यातून बरंच काही निघतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो दक्षिणेकडे कलतो, तेव्हा दुपारची त्याची उंची क्षितिजापासून 49 अंशांच्या आसपास असते. मार्च आणि सप्टेंबरच्या समदिनांना ती 72 अंश असते.

उत्तर बाजू सगळ्यात सोपी. वर्षभर सारखा, थंड उजेड मिळतो. फक्त एप्रिल ते ऑगस्टमध्ये सकाळी आणि संध्याकाळी सूर्य ईशान्येकडून आणि वायव्येकडून तिरपा येतो. त्यासाठी काचेच्या दोन्ही कडांना फूट-दीड फुटाची उभी पट्टी किंवा विटांचा पाखा पुढे काढला की काम होतं.

पूर्व बाजू माझी आवडती आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसायला याच्यासारखी जागा नाही. दहा-साडेदहानंतर ऊन वर चढतं आणि दुपारी बारा-साडेबारानंतर खोली आपोआप सावलीत जाते. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठलाच ऊन बोचू लागतं, म्हणून बाहेरून सोडायचा बांबूचा चिक लागेलच.

दक्षिणेला छज्ज्याचं गणित छान बसतं. काचेच्या वरच्या कडेला अडीच फुटांचा छज्जा दिला तर समदिनाच्या दुपारी त्याची सावली जवळजवळ पावणेआठ फूट खाली येते, म्हणजे सात फुटांची काच पूर्ण सावलीत. तोच छज्जा डिसेंबरात फक्त वरचे तीनेक फूट झाकतो आणि खालून कोवळं ऊन आत येतं. अडचण ऑक्टोबरची. तेव्हा उकाडा असतो, पण सूर्य खाली उतरू लागलेला असतो, त्यामुळे काचेचा खालचा बराच भाग उन्हात राहतो. इथेही चिक हवाच.

पश्चिमेला काच लावूच नका, असं मी स्पष्ट सांगते. आकडेच बघा. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण 600 वॅट ऊन पडतं. साधी पारदर्शक काच त्यातला सुमारे 80 टक्के ताप आत सोडते. दहा चौरस मीटर काच, म्हणजे साधारण दहा फूट बाय पावणेअकरा फूट, लावली तर जवळपास 4800 वॅट उष्णता खोलीत येते. एक टनाचा एसी सुमारे 3500 वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे दीड टनाचा एसी फक्त त्या एका भिंतीशी झुंजत बसणार, आणि माणसांसाठी, पंख्यासाठी, छपरासाठी त्याच्याकडे काही उरणार नाही. पश्चिमेला विटांची भिंत घ्या. नाहीतरी या शैलीत एक विटांची भिंत हवीच असते, ती इथे सार्थकी लागते. बाहेर जागा असेल तर कडुनिंब लावा.

कागदावर काही काढण्याआधी एका सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला त्या जागेवर उभं राहून शेजारच्या इमारतींची सावली कुठवर येते ते खडूने आखून घ्या. शेजारची तीन मजली भिंत तुमची पश्चिम फुकटात झाकत असेल, तर वरचा नियम तुमच्यापुरता बदलतो.

छप्पर: काचेचं नको

सूर्य डोक्यावर येणाऱ्या गावात काचेचं छप्पर म्हणजे ऊन आत यायला सगळ्यात मोठं दार. पॉलिकार्बोनेट शीट स्वस्त आणि हलकी असते, पण तिच्यातूनही ताप येतो आणि काही वर्षांत ती पिवळी पडते. नुसता पत्रा तापतो आणि पावसात त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही.

घरासाठी 50 मिमीचं पफ पॅनेल घ्यावं: वर-खाली रंगीत पत्रा आणि मधे फोम. वरचा रंग पांढरा किंवा फिकट ठेवा. खालून पांढराच पत्रा दिसतो म्हणून कुणाला ते रुक्ष वाटतं, पण काळ्या लोखंडी वाशांवर पांढरं छत उठून दिसतं. शिवाय गिरणीचं छप्पर काही पीओपीचं नव्हतं.

आता त्याला गिरणीचा उतार द्या. समजा खोली 12 फूट खोल आहे आणि तिच्या दक्षिणेला घर आहे. दक्षिणेकडे छप्पर साडेआठ फुटांवर आणि उत्तरेकडे 11 फुटांवर ठेवलं, तर उत्तरेला वरच्या बाजूला दोन-अडीच फुटांची आडवी पट्टी मिळते. त्या पट्टीत एकाआड एक स्थिर काच आणि उघडणारे लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचे झरोके, बसवा. काचेतून दिवसभर सौम्य उजेड उतरतो, लूव्हरमधून गरम हवा वर निघून जाते. ती जायची तर खालून गार हवा यायला वाट हवी, म्हणून पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या काचेत शक्य तितक्या खाली दोन खिडक्या उघडत्या ठेवा. वर-खाली दोन्हीकडे वाट असली की पंखा बंद असतानाही हवा हलते. एमआयडीसीतल्या शेडवर गरगर फिरणारे चकचकीत टर्बो व्हेंटिलेटर तुम्ही पाहिले असतील. ते वाऱ्यावर चालतात, वीज लागत नाही, आणि दिसायला अस्सल कारखानी. एक लावायला हरकत नाही, फक्त त्याखाली जाळी बसवायला सांगा, नाहीतर धूळ आणि चिमण्यांची काडी-कचऱ्याची घरं आत येतील.

घर दक्षिणेऐवजी दुसऱ्या बाजूला जोडलेलं असेल तर उताराची दिशा बदलावी लागेल. तरी उंच बाजू शक्यतो उत्तरेकडे राहील असं पाहा. ती पश्चिमेकडे गेली तर वरची पट्टी काचेऐवजी लूव्हरचीच करा.

पाया आणि गच्ची

सोलापूर भागात काळी माती खूप. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. वीट त्या हालचालीला थोडी दाद देते, काच देत नाही. त्यामुळे ‘हलकं काम आहे, दीड फूट खणू’ हे ऐकू नका. खांबाचे खड्डे काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेले पाहिजेत. फरशीखालची काळी मातीही काढून मुरमाचा भराव घाला, पाणी मारून चोपून घ्या, मग वर काँक्रीट.

गच्चीवर प्रश्न वेगळा. लोखंडी खांब स्लॅबच्या मधोमध उभे करायचे नसतात. खालच्या कॉलम किंवा बीमवर यायला हवेत. ते कुठे आहेत ते इंजिनिअरकडून आखून घ्या. विटांचा कट्टा हलका नसतो: साडेचार इंची, अडीच फूट उंच भिंतीचं वजन दर मीटरला दीडशे किलोंच्या वर जातं. तीही बीमवरच यावी. खांबाची बेसप्लेट (तळाची लोखंडी प्लेट) बसवताना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा वीटतुकड्यांचा पाणीरोधक थर, फोडला जातो आणि पुढच्या पावसात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. प्लेटभोवती वॉटरप्रूफिंग परत करून घ्यायचं काम कुणाचं, गवंड्याचं की फॅब्रिकेटरचं, हे आधीच ठरवा. ठरलं नाही तर ते कुणाचंच नसतं.

हलक्या छपराचा धोका वजनाचा नसून उडण्याचा असतो. वळवाचा पाऊस येण्याआधी जी वावटळ सुटते ती छपराला खालून उचलते. तेव्हा पॅनेलचे स्क्रू, वाशांचे नटबोल्ट आणि बेसप्लेटचे अँकर, ही साखळी वरपासून खालपर्यंत पक्की हवी.

लोखंड: फॅब्रिकेटरशी बोलताना

साधारण 10 बाय 12 च्या खोलीला तीन इंची चौकोनी पाइपचे खांब आणि चार बाय दोनचे वासे पुरतात. तरी जाडी आणि अंतर इंजिनिअरकडून लिहून घ्या. चौकोनी पाइप वीस फुटी नगात मिळतो. दोन इंची, सुमारे तीन मिमी जाडीचा पाइप मीटरला साधारण चार किलो भरतो. हे माहीत असावं, कारण फॅब्रिकेटर भाव किलोवर सांगतो आणि काचवाला चौरस फुटावर. दोघांचे कागद एका मापात आणल्याशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही. पाइपची जाडी कोटेशनमध्ये मिलिमीटरमध्ये लिहून मागा आणि माल आल्यावर पाइपच्या तोंडाला कॅलिपर लावा.

खिडक्यांच्या जाळीत खोलीचं सगळं रूप आहे आणि तिथेच बहुतेक कामं बिघडतात. अक्कलकोट रोडच्या वर्कशॉपमध्ये फोटो दाखवला की उत्तर ठरलेलं: “करू की मालक, काय टेन्शन घेऊ नका.” मग सगळीकडे दोन इंची पाइप लागतो, चौकोन आडवे होतात आणि खोलीची कोठडी होते. खांब जाड असले तरी चालतील, काचेमधल्या पट्ट्या मात्र बारीक हव्यात. त्यासाठी टी सेक्शन, किंवा आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना असायचा तो झेड सेक्शन मागा. हे काम येणारे जुने कारागीर पूर्व भागात आणि एमआयडीसीत अजून आहेत. प्रत्येक काच रुंदीपेक्षा उंचीला दीडपट ठेवा. आडव्या पट्ट्या सगळ्या खिडक्यांत आणि दारातही एकाच पातळीत याव्यात. ती रेघ मोडली तर महागड्या कामातही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

खाली अडीच फुटांचा विटांचा कट्टा आणि त्यावर काच, ही गिरणीची पद्धत इथे फायद्याची आहे. काच कमी लागते, पावसाचे शिंतोडे अडतात, खुर्च्यांचे पाय काचेला लागत नाहीत आणि कट्ट्याच्या आत बसायला बाक करता येतो.

गंजाबद्दल. पावडर कोटिंग टिकाऊ आणि दिसायला छान, पण ते झाल्यावर वेल्डिंग केलं की तो भाग जळतो. म्हणून चौकटी वर्कशॉपमध्ये पूर्ण करून, भोकं पाडून, कोटिंग करून आणायच्या आणि जागेवर फक्त बोल्टने जोडायच्या. कोटिंगवाल्याच्या भट्टीत किती लांबीची चौकट मावते ते आधी विचारा, त्यावरून चौकटीचा आकार ठरवा. जागेवरच वेल्डिंग करणार असाल तर प्रत्येक सांधा घासून, रेड ऑक्साइड मारून, मग ऑइलपेंटचे दोन हात. मॅट काळा घ्या. चकचकीत काळ्यावर सोलापूरची धूळ तासाभरात दिसते. पाइपची उघडी तोंडं बंद करायला सांगा, नाहीतर पाणी आत साचून पाइप आतून कुजतो. आय-बीम दिसायला झकास, पण त्याच्या खालच्या पट्टीवर कबुतरं बसतात. मी बंद पाइपच पसंत करते.

काळं लोखंड उन्हात खूप तापतं. थंडीच्या पहाटेचे 15 अंश आणि मेच्या दुपारचे साठेक अंश यांच्यात 12 फुटांचा पाइप जवळजवळ दोन मिमी वाढतो. काच चौकटीत ठासून बसवली की कधीतरी तडकते. प्रत्येक बाजूला तीन-चार मिमी मोकळी जागा आणि खाली रबराचे ठोकळे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

काच

दारांना आणि गुडघ्याच्या उंचीच्या काचांना टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काच, किमान 6 मिमी, मोठ्या फ्रेमला 8 मिमी. काचेवर भारतीय मानक 2553 चा शिक्का बघा. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. त्यामुळे लोखंडी चौकटी जागेवर बसल्यानंतरच मापं घ्यायची, नकाशावरून नाही. डोक्यावर कुठे काच असेल, जसं वरची पट्टी किंवा दारावरचा छज्जा, तिथे लॅमिनेटेड काच लागते. टफन फुटली तर तुकडे खाली पडतात. लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या फिल्मला चिकटून राहते.

पूर्व आणि दक्षिणेला उष्णता अडवणारी सोलर कंट्रोल काच घ्या, पण फार गडद नको. गडद निळी-हिरवी काच लावली तर बाहेरचं आभाळच बदलून जातं. उत्तरेला साधी पारदर्शक चालेल. वजन मोजायचं झालं तर दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो: अडीच बाय चार फुटांची 6 मिमीची काच सुमारे 14 किलो. बिजागऱ्या त्या हिशेबाने घ्या.

काच बसवताना सिलिकॉनची नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरचा आंबट वास आला तर ते ॲसेटिक सिलिकॉन, ते लोखंडाला गंज आणतं आणि लॅमिनेटेड काचेची कडही खराब करतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. झेड सेक्शनच्या खिडक्यांना जुन्या पद्धतीने लांबी (पुट्टी) भरायची असेल तर ती सुकायला वेळ द्या, लगेच रंग मारू नका. खालच्या चौकटीला पाणी निघायला छोटी भोकं हवीत.

आणि काच सगळ्यात शेवटी. काच बसल्यावर शेजारी ग्राइंडर चालवला तर उडणाऱ्या ठिणग्या काचेत रुततात. हात फिरवला तर वाळूसारखं खरखरीत लागतं, आणि ते कशानेच निघत नाही. “एवढा एक सांधा राहिलाय” म्हणून कारागीर मशीन घेऊन आला तर आधी काचेवर ओलं गोणपाट टाका, मगच त्याला हात लावू द्या.

विटा आणि फरशी

उघड्या भिंतीसाठी विटा निवडून घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. कडा धड, रंग एकसारखा नसला तरी चालेल. सांधे ओले असतानाच अर्धा इंच खरवडून नंतर पॉइंटिंग करा. कच्च्या विटांमुळे आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यामुळे लोणा लागतो, भिंतीवर पांढरी भुकटी येते. म्हणून बांधकामाला गोडं पाणी वापरा आणि भिंत पूर्ण सुकल्यावर पारदर्शक वॉटर-रिपेलंट मारा. चकाकणारं वॉर्निश नको. विटांच्या चित्राचे कागद चिकटवणाऱ्यांना माझं काही म्हणणं नाही, फक्त उन्हाने ते दोन उन्हाळ्यांत सुटतात.

फरशीला दोन चांगले मार्ग आहेत. एक शहाबादी: दगड शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येतो, आपल्या घरांना त्याची सवय आहे, आणि सावलीत तो पायाला गार लागतो. दुसरा आयपीएस कोबा, म्हणजे गिरणीतली सिमेंटची फरशी. तो स्वस्त वाटतो, पण कारागिराच्या हातावर अवलंबून असतो. चार बाय चार फुटांचे भाग पाडून मधे पट्ट्या घातल्या तर भेगा त्या रेषेवरच राहतात. वाफे बांधून आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवा. एप्रिलमध्ये कोबा घालणं म्हणजे भेगा मागवून घेणं. हे काम थंडीतलं.

वीज, सावली, सामान

उघडी जीआय पाइपची वायरिंग या शैलीला शोभते आणि दुरुस्तीला सोपी पडते. पण सगळा सांगाडा लोखंडी आहे, म्हणून त्याला अर्थिंग आणि त्या खोलीच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. हे इलेक्ट्रिशियनने “नंतर बघू” म्हटलं तर त्याला थांबवा. पंख्याची पाती माणसाच्या डोक्यापासून बरीच वर राहतील हे उतार असलेल्या छपरात आधी मोजून घ्या.

सावली बाहेरून. आतला पडदा कितीही जाड असला तरी तोवर ऊन काच ओलांडून आलेलं असतं. बांबूचे चिक, शेडनेट, उन्हाळ्यापुरते वाळ्याचे पडदे, हे सगळं काचेच्या बाहेर टांगायला छज्ज्याखाली हूक आत्ताच वेल्ड करून घ्या. दक्षिणेला तारेवर मधुमालती चढवायची असेल तर तार लोखंडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर तापलेल्या पाइपला लागून शेंडे करपतात.

सामानासाठी भंगार बाजारात एक फेरी मारा. पॉवरलूमचे बिडाचे पाय टेबलाला बसतात, लाकडी धोटे आणि कांड्या भिंतीवर किंवा दिव्याला. मात्र एकाच खोलीत अख्खा कारखाना गोळा करू नका, एक-दोन वस्तू पुरे. बाकावर सोलापुरी चादर टाकली की लोखंडाचा कोरडेपणा जातो. उन्हाच्या पट्ट्यात येणारी चादर विटते, म्हणून ती दुमडून बदलत राहा. आणि उन्हाळी वाळवणाचं सांगायला हवं: पूर्वेच्या काचेखाली कुरडया-पापड धूळ न लागता वाळतात. घरातल्या आजींना खोली आवडण्याचं हे एकटं कारण पुरेसं आहे.

कधी सुरू करायचं

परतीचा पाऊस संपला की ऑक्टोबरअखेर पाया घ्या. नोव्हेंबरात लोखंड, डिसेंबरात छप्पर आणि फरशी, शेवटी काच. परवानगी आणि कारागीर वेळेवर मिळाले तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत खोली बसण्याजोगी होते. त्या दिवसांत सकाळी हुरडा घेऊन बसता येईल.

नंतरची कामं थोडी आहेत. बोअरचं पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं, तेव्हा पुसायला पिण्याचं पाणी वापरा. दर मेमध्ये, वळीव येण्याआधी, पन्हाळीतली पानं काढा, छपराचे स्क्रू एकदा आवळा, सिलिकॉन कुठे सुटलंय का बघा, आणि गंजाचा ठिपका दिसेल तिथे तेवढाच भाग घासून रंग लावा. प्रत्येक काचेचं माप आणि जाडी एका कागदावर लिहून तो कागद वायरिंगच्या नकाशाबरोबर जपून ठेवा. टफन काच फुटली तर नवी ऑर्डर देऊनच आणावी लागते, आणि तोवर त्या चौकटीत प्लायवूड ठोकायची वेळ येते.